फडके खाली ठेवा!

दिवाळी तोंडावर आली की मराठी माणसाच्या अंगात पुसण्याचे वारे शिरते. माळे रिकामे होतात, डबे उन्हात पडतात, समयांना चिंच लागते, पंख्यांची पाती वर्षातून एकदा पांढरी होतात. आणि हे सारे उरकले की घरातील कर्ता पुरुष जुन्या बनियनचे फडके खांद्यावर टाकून खाली उभ्या असलेल्या मोटारीकडे वळतो. माझे भांडण आहे ते या शेवटच्या फडक्याशी. समईशी नाही, डब्यांशी नाही. मोटारीच्या अंगावर कोरडे फडके फिरवणे, मग ते स्वतः फिरवा की महिन्याचे पैसे मोजून दुसऱ्याकडून फिरवून घ्या, हा मोटारीचे कातडे सोलण्याचा धंदा आहे, आणि तो स्वच्छतेच्या पवित्र नावाखाली घरोघर चालला आहे. हे गोड शब्दांत सांगण्याची माझी तयारी नाही.

पहिली गोष्ट ही की, धुळीने मोटारीचा रंग बिघडत नाही. वाचकांना हे विपरीत वाटेल. परंतु अंगावर पडून राहिलेली कोरडी धूळ बिचारी निरुपद्रवी असते. ती पडते, राहते, वाऱ्याने थोडी उडते, पावसाने वाहून जाते. ती कोणाला ओरबाडत नाही. तिला ओरबाडायला लावतो तो तुमचा तळहात! धूळ म्हणजे काही पिठीसाखर नव्हे. आपल्या दख्खनचा काळा फत्तर, बांधकामाची वाळू, रस्त्याची खडी, यांचाच तो चुरा. वाळूचा कण काचेवर रेघ पाडतो, मग रंगाची काय कथा? असे हजारो कण मोटारीच्या पाठीवर आहेत. तुम्ही त्यांच्यावर कापड ठेवता, कापडावर पंजा दाबता, आणि खांद्यापासून जोर लावून हात फिरवता. सुताराला विचारा, या क्रियेला काय म्हणतात ते. तो सांगेल, पॉलिशपेपर मारणे.

पहाटेचे दंव पडलेले असताना पुसणारे आणखी धन्य! ओल्या धुळीचा चिखल होतो, तो फडक्याला चिकटतो, आणि तेच फडके टपापासून डिकीपर्यंत जाते. ‘थोडे ओले करून पुसतो हो आम्ही, कोरडे नाही,’ असे मला अनेकांनी अभिमानाने सांगितले आहे. पाट्यावर वाटण वाटताना आपण पाणी शिंपडतो ते वाटण गुळगुळीत व्हावे म्हणून. मिरचीला लागू नये म्हणून नव्हे. (सिमेंटच्या धुळीची गोष्ट मात्र वेगळी. शेजारी इमारत उठत असेल तर ती धूळ दंवाने रंगावरच घट्ट धरते. ती पडू देऊ नये, पडली तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावी.)

आता हे कातडे आहे तरी केवढे? माझे शिक्षण दहावीपाशी थांबलेले. मायक्रॉन हा शब्द मी पुस्तकापेक्षा रंगाऱ्यांच्या तोंडून अधिक ऐकला. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आजच्या मोटारीवर कारखान्यातून जो रंग येतो त्याची सगळी जाडी, म्हणजे पत्र्याला गंज लागू नये म्हणून दिलेला तळचा थर, त्यावरचा प्रायमर, त्यावरचा खरा रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट म्हणून ओळखला जाणारा पारदर्शक थर, हे सारे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सच्या यंत्रात आपण जो कागद घालतो तो १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्या मोटारीचे सारे रूप एका, फार तर दीड कागदाच्या जाडीचे! त्यातही चमक ज्याच्यावर अवलंबून तो वरचा पारदर्शक थर बहुधा ४० ते ५० मायक्रॉन, अर्धा कागद. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अडवणारे द्रव्य असते ते याच थरात. तो झिजला की खालचा रंग उघडा पडतो. मग टपाची आणि बॉनेटची साल निघू लागते. अशा साली निघालेल्या मोटारी गावोगाव उभ्या आहेत. त्यांची इंजिने ठणठणीत असतात, आणि मालक मात्र ‘आता विकावी म्हणतो’ असे म्हणत असतो.

पुरावा हवा असेल तर आज रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली एखाद्या काळ्या वा गडद मोटारीचे बॉनेट पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील. पाहणारा म्हणेल, पुसणाऱ्याने गोल गोल हात फिरवला, त्याची ही खूण. मुळीच नाही! तुमचे डोके जरा बाजूला न्या. वर्तुळेही तुमच्याबरोबर सरकतील. पत्र्यावर कोरलेली वर्तुळे कधी सरकतील काय? तेथे आहेत ते सर्व दिशांना गेलेले हजारो बारीक ओरखडे. त्यांपैकी जे दिव्याच्या प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि दिव्याभोवती आडवे पडणाऱ्यांची वर्तुळे होतात. तेव्हा ‘गोल नको, उभे पुसा’ हा जो शहाणपणा सांगितला जातो तो ऐकून समाधान मानू नका. कोरड्या धुळीवर उभे पुसले तरी ओरखडे पडायचे ते पडतातच. पांढऱ्या मोटारीवर हे जाळे दिसत नाही, म्हणून पांढऱ्या मोटारीचे मालक निर्धास्त असतात. दिसत नाही एवढेच, असते तितकेच.

मग ही खोड आपल्याला लागली कोठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून, आणि दोन्ही ठिकाणे मोठी आदरणीय आहेत. एक म्हणजे आपली भांडी. पितळेचा हंडा चिंचेने, राखेने, काथ्याने घासावा तितका उजळतो, कारण पितळ वरून खालपर्यंत पितळच असते. वरचा काळवंडलेला पापुद्रा गेला की खाली तेच. शेकडो वर्षे आपल्या आयाबहिणींनी घासून चमक आणली, आणि घासले की उजळते हे सूत्र आपल्या हाडामासांत मुरले. परंतु मोटार हा हंडा नव्हे. ती पैठणीच्या जातीची आहे. पैठणी दगडावर आपटून धुणारी बाई मी अजून पाहिली नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे आपल्या वडिलांची किंवा आजोबांची फियाट. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने १९२३ साली ‘ड्युको’ नावाचा झटपट वाळणारा रंग काढला. त्यापूर्वी मोटारीचे व्हार्निश वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२४ साली ओकलंड नावाच्या मोटारीवर तो रंग दिला गेला आणि जगभर पसरला. आपल्याकडे तो असा रुजला, की रंगारी अजूनही मोटारीच्या रंगकामाला ड्युकोच म्हणतात. या जुन्या रंगावर पारदर्शक थर नसे. वर होता तोच रंग, खाली होता तोही तोच. आणि गॅरेजमध्ये पुन्हा पुन्हा रंगवून थरांवर थर चढलेले असत. उन्हाने वरचा भाग मरे, खडूसारखी भुकटी होई, ती पॉलिश लावून काढली की खालून ताजा रंग हसत वर येई. म्हणून रविवारी सकाळी बाह्या सरसावून फियाट घासणारा गृहस्थ योग्य तेच करीत होता. घासण्याच्या कामी पितळ आणि ती फियाट एकाच कुळातली. पण ती फियाट, पुढे जिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, आता कोठे आहे? मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावणारी शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. मोटार गेली, तिचा रंग गेला, आणि घासण्याची सवय तेवढी वारसाहक्काने आपल्याकडे राहिली!

आता मी त्या प्रकरणाकडे वळतो ज्यामुळे काही वाचक माझ्यावर रागावतील. शहरांतील आणि आता तालुक्यांच्या गावांतीलही सोसायट्यांमध्ये पहाटे पाच वाजता एक माणूस येतो. त्याच्याजवळ एक बादली, एक फडके. त्याला उजाडेपर्यंत वीस-पंचवीस मोटारी पुसावयाच्या असतात, कारण साहेब आठला खाली उतरतात आणि त्यांना ‘गाडी पुसलेली दिसली पाहिजे’. प्रत्येक मोटारीमागे त्याला महिन्याला काहीशे रुपये मिळतात. एक बादली पाण्यात पंचवीस मोटारींची माती कालवली जाते. दहाव्या मोटारीपर्यंत ते पाणी म्हणजे गाळ झालेला असतो. मग एके दिवशी साहेब दिव्याखाली बॉनेट पाहतात, आणि त्या माणसाला सर्वांसमोर झाडतात. ‘फुकटचे पैसे घेतोस!’ अहो, फुकटचे कसे? तुम्ही मागितले तेच त्याने दिले. तुम्ही रोजची चमक मागितली. पाणी मागितले नाही, वेळ मागितला नाही, दुसरी बादली तर सोडाच, वर्षात एक नवे फडके त्याला आणून दिले नाही. एखाद्या आचाऱ्याला एका पळीत पंचवीस पानांचे वाढायला लावायचे आणि मग कढीला वरणाचा वास येतो म्हणून ओरडायचे, तशातलाच हा न्याय.

माझे म्हणणे साधे आहे. त्या माणसाचा पगार एका पैशानेही कमी करू नका. त्याला रोज येऊ देऊ नका, एवढेच. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, नीट पाण्याने धुऊ द्या. बाकीचे दिवस समोरची काच आणि आरसे पुसू द्या, कारण काचेतून तुम्हाला दिसले पाहिजे. त्याच्या झोपेची पहाट वाचेल आणि तुमचा रंग. ‘पण रोज पुसली नाही तर शेजारी काय म्हणतील?’ हा खरा प्रश्न आहे, मला ठाऊक आहे. हप्ते अजून तीन वर्षे बाकी असलेल्या मोटारीवर धूळ दिसली तर कर्ज दिसल्यासारखे वाटते. शेजाऱ्याच्या मोटारीवरचे जाळे त्याला रात्री दिव्याखाली दाखवा म्हणजे तो गप्प बसेल.

फडक्याने बिघडवलेले रूप परत आणून देण्याचा धंदा करणारेही आहेतच. सर्व्हिसिंगच्या यादीत ‘रबिंग-पॉलिश’ अशी एक ओळ असते. ती वाचून गृहस्थाला वाटते, चमक घातली जाते. घातली काहीच जात नाही, काढली जाते. ओरखडा म्हणजे खड्डा. खड्डा बुजवता येत नसेल तर भोवतालची जमीन खरवडून सपाट करायची, हे रबिंगचे तत्त्व. दुसरीतला मुलगा वहीत चूक खोडताना खोडरबर इतके घासतो की पानाला भोक पडते. त्याला आपण रागावतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी अर्ध्या कागदाएवढ्या थरावर यंत्राने खोडरबर फिरवून घेऊन त्याचे बिल भरतो. ते एखाद्या वेळी करणे भाग पडते, हे मी नाकारीत नाही. परंतु दरवर्षी रबिंग म्हणजे मुदतठेव मोडून दिवाळी साजरी करणे. बॉनेटच्या कडा आणि उंचवटे आधी संपतात, कारण तेथे थर मुळातच पातळ आणि यंत्राचा दाब अधिक.

सिरॅमिक कोटिंग म्हणून जे हजारो रुपये घेऊन लावतात, तेही मी सरसकट खोटे म्हणत नाही. पाणी त्यावरून मोत्यांसारखे घरंगळते, धुणे सोपे होते, हे खरे आहे. पण ‘आता ओरखडा पडणारच नाही’ असे कोणी सांगितले तर त्याच्या हाती एक किल्ली देऊन त्याच्याच मोटारीवर ओढून दाखव म्हणावे. तो थर एक-दोन मायक्रॉनचा. तो लावून आणलेल्या मोटारीवर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच फडके फिरते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

घरगुती उपायांबद्दल फार लिहीत नाही. दंतमंजन, रॉकेल, खोबरेल, डिझेल, भांड्यांचा साबण, यांपैकी प्रत्येकाचा पुरस्कर्ता प्रत्येक आळीत असतो. तेलाने दोन दिवस चकाकते आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या गावची धूळ येऊन चिकटते. दंतमंजनाने बारीक ओरखडा कधी कधी जातोही, कारण त्यात घासणारी भुकटी असते. पण ती दातांसाठी दळलेली असते, रंगासाठी नव्हे.

मग करावयाचे काय? करावयाचे ते घरच्या घरी, एका तासात, आणि कोणालाही जमेल असे आहे. मोटार सावलीत घ्यावी आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग उठतात. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत मोटारीचा शांपू बाटलीवर लिहिला असेल तेवढाच घातलेले पाणी, दुसरीत साधे पाणी. प्रथम काहीही न घासता वरून नुसते पाणी सोडावे, तांब्याने सोडले तरी चालेल. ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळे रहस्य याच पायरीत आहे: जी धूळ पाण्याने आपण होऊन जाते तिला हात लावायचाच नाही. मग मऊ, दाट मायक्रोफायबरचे कापड शांपूत बुडवून टपापासून खाली यावे. दाबू नये, कापडाच्या स्वतःच्या वजनाने ते सरकू द्यावे. प्रत्येक भागानंतर कापड साध्या पाण्याच्या बादलीत खंगाळावे. तळाशी बसलेला गाळ पाहिला की रोज आपण काय फासत होतो ते कळते. दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी, चाकांना फडके वेगळे. कापड जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद. ‘झटकून घेतो’ चालणार नाही. बनियन नकोच; त्याची शिवण रंगाला लागते. अखेरीस पुन्हा पाणी, आणि जाड मऊ टॉवेल अंगावर पसरून टिपून घेणे. बाळाला न्हाऊ घातल्यावर टिपतात तसे.

पक्ष्याची विष्ठा मात्र रविवारपर्यंत थांबू शकत नाही. उन्हात रंग मऊ होतो, विष्ठा वाळून आक्रसते, आणि तिचा ठसा रंगात बसतो. ओले कापड तिच्यावर दहा मिनिटे ठेवावे, ती सुटली की उचलून घ्यावी. नखाने खरवडणाऱ्याला मी काही सांगत नाही. झाडाच्या चिकट थेंबांचेही तसेच.

धुऊन झालेल्या मोटारीवर, हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बोटे हलकेच फिरवून पाहा. गुळगुळीत दिसणारे अंग रव्यासारखे खरखरीत लागेल. ब्रेकचे आणि रेल्वेच्या चाकांचे लोखंडी कण रंगात रुतून बसलेले असतात. धुण्याने ते जात नाहीत. त्यासाठी जपानमध्ये निघालेली ‘क्ले’ नावाची एक चिकट मऊ वडी मिळते. शांपूच्या पाण्याने पत्रा भरपूर ओला ठेवून ती हलक्या हाताने सरकवली की कण तिला चिकटून येतात. वडी मळली की दुमडून आतली बाजू घ्यावी. वर्षातून एक-दोनदा पुरे.

यानंतरही रंग मेलेला दिसत असेल तर दाराच्या आतल्या कडेला, कोणाला न दिसेल अशा जागी, पांढऱ्या कापडावर थोडे बारीक पॉलिश घेऊन घासून पाहावे. कापडाला मोटारीचा रंग लागला तर तुमची मोटार जुन्या एकथरी वंशाची, किंवा गॅरेजात तशी रंगवलेली. हाताने पॉलिश करा, लाल मोटारीचा गुलाबी झालेला टप पुन्हा लाल झालेला पाहून मुले टाळ्या वाजवतील. कापड पांढरेच राहिले तर वर पारदर्शक थर आहे. तेथे सर्वांत सौम्य पॉलिश, हाताने, एका वेळी वीतभर जागा, आणि समाधान लवकर मानावे. ज्या ओरखड्यात नख अडकते तो पॉलिशने जाणार नाही. साल निघू लागली असेल तर कोणतेही पॉलिश, कोणताही मंत्र चालणार नाही. रंगाऱ्याकडे जाणे किंवा आहे तसे स्वच्छ ठेवणे, दोनच मार्ग. शेवटी मेण. ब्राझीलच्या ईशान्य भागातील कार्नौबा ताडाच्या पानांवरून निघणारे मेण अजूनही उत्तम. पातळ लावा, जाड लावल्याने अधिक टिकत नाही, नुसते पुसायला जड जाते. फार तर दोन महिने राहते, मग पुन्हा.

‘पाणी कुठून आणू?’ हा आक्षेप मात्र मी मान खाली घालून ऐकतो. ज्या राज्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने प्यायचे पाणी न्यावे लागले, त्या राज्यात नळी सोडून मोटार धुणारा माणूस गुन्हेगारच आहे. पण वर सांगितलेले काम तीन बादल्यांत होते. आणि तीन बादल्याही नसतील तर? तर मोटार धुळीने भरलेली राहू द्या! तिला काही होत नाही. पाणी नाही म्हणून फडक्याने भागवणे, हीच तर सारी चूक आहे.

दसऱ्याला आपण मोटारीला हार घालतो, हळदकुंकू वाहतो, हे फार चांगले करतो. फक्त हाराची तार बोनेटवर वाऱ्याने घासत चार दिवस ठेवू नये, आणि कुजलेल्या झेंडूखाली रंग दबू देऊ नये. हळदीचा पिवळा डाग राहिला तर लिंबू घेऊन धावू नका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-चार दिवसांत आपोआप फिका पडेल. आता लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुलांच्या हाती फुलबाज्या असतील. तिची ठिणगी तापलेल्या धातूची असते आणि रंगात टाचणीच्या डोक्याएवढे भोक पाडते. मोटार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभी करा. सकाळी टपावर फटाक्यांची करडी राख बसलेली दिसेल, तिच्यावर दंव पडलेले असेल, आणि पाडव्याचे पाहुणे यायच्या आत एक हात मारून घ्यावा असे वाटेल. तांब्याभर पाणी वरून सोडा, पुन्हा एक तांब्या सोडा, आणि आत जाऊन चहा घ्या.